एप्रिलातली हुडहुडी

आमच्या गावात ईपोच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातची कोइ सगळ्यात भारी. मुलगी म्हणून सांगत नाही. धरणाच्या या काठावर कुणालाही विचारा. पाण्यातून आत्ताच काढलेली बोटभर मासळी सुरीने खटाखट बारीक करायची, वर लिंबू पिळायचं, सुकी मिरची, भाजलेल्या तांदळाची भरड, हाताने चुरलेला पुदिना, झालं. चूल पेटवायचं नावच नाही. ईपो आणि लुंग चान्ता होडीतच बसून खायचे, चिकट भाताचे गोळे बुडवून बुडवून, आणि शेवटच्या घासावरून भांडायचे.

लुंग चान्ता, म्हणजे चान्ताकाका, हे ईपोचे स्याव, दोऱ्याने जोडलेले जिवलग. सख्ख्या भावाशी माणूस जमिनीवरून भांडतो, स्यावशी नाही. दोघं शाळकरी असताना देवळात भिक्खूंसमोर त्यांच्या मनगटांना एकच दोरा बांधला गेला, आणि तेव्हापासून एकाचं ते दुसऱ्याचं: जाळी, होडी, दारू, आलेला तापसुद्धा. ईमे, माझी आई, म्हणते, "लग्न एकाशी लागलं, भात दोघांना वाढते."

कॅन्सरही दोघांना झाला.

कच्च्या मासळीतून एक किडा पोटात जातो, यकृतातल्या पित्ताच्या नळ्यांत घर करतो, आणि अर्ध्या आयुष्यानंतर तिथे कॅन्सर धरतो, हे आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही पाठ असतं. आणि मी तर काय, मी गेल्या वर्षी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात त्या किड्याचं मॉडेल केलं होतं! रबरी चपलेतून कापून. पहिला नंबर! तोवर मी वर्गात हजेरी द्यायलाही लाजायची. पण एकदा त्या स्टेजवर माईक हातात आला आणि माझा आवाज मलाच आवडला. मग गावप्रमुखाने मला सकाळच्या भोंग्यावरच बसवलं. "काका-काकूंनो, मासे शिजवून खा!" मी वरून, आणि खालून काठावरून ईपो ओरडायचा, "खाओपुन! हळू बोल, मासे पळतायत!"

खाओपुन म्हणजे मी. ईमेला तांदळाच्या शेवयांचे डोहाळे लागले होते, म्हणून शेवयांचंच नाव ठेवलं. हसून घ्या.

तपासणीची गाडी गावात आली तेव्हा भोंग्यावरून बोलावलंही मीच आणि त्या दोघांना हाताला धरून ओढत नेलंही मीच. देवळाच्या ओसरीत एकामागोमाग एक पोटावर थंडगार जेल लावून घेतलं दोघांनी. "मुलगा आहे की मुलगी?" असं लुंगनी विचारलंसुद्धा. मशीनवरची नर्स हसली नाही, तेव्हाच मला कळलं.

ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. शहरातल्या हॉस्पिटलात मात्र एका नव्या औषधाची चाचणी चालू होती, आणि दोघांना तिथे पाठवलं. तिथल्या डॉक्टर विपादा बँकॉकच्या, तरुण, बोलणं टीव्हीवरच्या बातम्यांसारखं. ईपोला टीव्हीवरचं सगळं समजतं, पण त्या बोलीत तोंड उघडायचं म्हटलं की त्याची दातखीळ बसते. म्हणून मी मधे. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे.

औषध काय आहे ते मी घरी बांबूच्या बाजेवर बसवून दोघांना समजावलं. खरं सांगते, फार मस्त समजावलं.

"प्रत्येक पेशीत एक राखणदार असतो. जनुक म्हणतात त्याला. पेशी वेडीवाकडी वाढायला लागली की तो दम देतो. कॅन्सरने त्याला मारलेलं नाही, नुसतं झोपवलंय."

"आपल्या गावप्रमुखासारखं," लुंग चान्ता म्हणाले.

"अगदी! तर आता त्याला उठवायला आत एक निरोप धाडायचा. त्या निरोपाला आरएनए म्हणतात. पण तो इतका नाजूक असतो की रक्तात नुसता सोडला तर वाटेतच त्याचा चुरा होतो. म्हणून त्याला चरबीच्या थेंबात गुंडाळायचं. थेंब तरी केवढा? एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील एवढा."

"आणि तो थेंब यकृतातच जाणार कशावरून?" ईपोने विचारलं. "वाट चुकून गुडघ्यात गेला म्हणजे?"

"असली चरबी यकृतच आधी ओढून घेतं. तुमची दारू जाते ना, त्याच रस्त्याने."

"मग रस्ता चांगला रुळलेला आहे," लुंग म्हणाले. "आणि उठून तो राखणदार करणार काय? आपला प्रमुख उठला की आधी सिगारेट मागतो."

हसलो आम्ही. ईमे नव्हती हसली. ती भात वाळत घालत होती, पाठमोरी.

एकच गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती: माणसाला हे औषध किती झेपतं. म्हणून पायऱ्या केल्या होत्या. आधी तिघांना अगदी थोडं. तिघं ठणठणीत राहिले तर पुढच्या तिघांना दुप्पट. कुणाला काही झालं तर थांबायचं आणि विचार करायचा. ईपो दुसऱ्या पायरीवरच्या तिघांत होता. ते तिघं नीट पार पडले की तिसरी पायरी उघडणार होती, आणि तिथे लुंग चान्तांचं नाव होतं. लुंगकडे फार वेळ नव्हता. ते दोघांनाही माहीत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं.

दर गुरुवारी हाताच्या शिरेतून ते औषध जायचं. पांढुरकं, तांदळाच्या धुवणासारखं. संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवायचे, आणि पुढच्या गुरुवारी नव्या बाटलीआधी डॉक्टर विचारायच्या: घरी ताप आला? थंडी वाजली? लघवी गडद झाली? ईपो आमच्या बोलीत म्हणायचा, "बरं आहे म्हणून सांग," आणि मी सांगायची, "बरं आहे." पुढे पुढे मात्र दर शुक्रवारी तो सकाळीच शेतातल्या खोपटात जाऊन पडायचा. म्हणायचा, घरात उकडतं. एप्रिलात सगळ्यांनाच उकडतं. मला काहीच वाटलं नाही.

मग सोंगक्रान आला. शुक्रवारीच. नवं वर्ष, रस्त्यावर पाणीच पाणी, गालांना पांढरी पावडर, मी सकाळपासून भिजून चिंब आणि आवाज बसलेला. दुपारी मनात आलं, ईपो एकटाच कोरडा राहिलाय! बादलीत पाणी घेतलं, वर बर्फाचे तुकडे टाकले, आणि बांधावरून चवड्यांवर चालत खोपटापर्यंत गेले. आत कापसाच्या गादीखाली एक गाठोडं निजलं होतं. एवढ्या उन्हात गादी अंगावर! मला हसूच आवरेना. "नव्या वर्षाच्या शुभेच्छा!" म्हणून ओरडले आणि अख्खी बादली ओतली.

गाठोड्यातून जो आवाज आला तो माणसाचा वाटला नाही.

मी गादी ओढली. ईपोचे ओठ जांभळे पडले होते. दातांत पंचा धरला होता, दात वाजू नयेत म्हणून. सगळं अंग असं उडत होतं की खोपटाच्या बांबूच्या फळ्या खडखडत होत्या. हात लावला तर भाजत होता. माझा बर्फ त्याच्या मानेवर वितळत होता. मी गादी पुन्हा घातली, वर चटई घातली, मग मीच त्याच्यावर आडवी पडले, माझ्या ओल्या कपड्यांनिशी, आणि मग ओले आहोत हे कळून बाजूला झाले. काय करावं तेच सुचेना. भोंग्यावर गावाला शहाणपण शिकवणारी मी!

बऱ्याच वेळाने थरथर ओसरली.

"दर शुक्रवारी?" मी विचारलं.

"पहिल्यांदा नव्हतं. नंतर नंतर." पंचा बाजूला काढून तो म्हणाला, "कुणाला बोलू नकोस."

"ईपो, डॉक्टर हेच तर विचारतात!"

"म्हणूनच नाही सांगायचं. आम्ही तिघं नीट उतरलो तर चान्ताला दार उघडतं. मी अडकलो तर तो बाहेरच राहतो."

"पण त्यांना दुप्पट देणार आहेत!"

"मग बरंच आहे की. मला निम्म्यात एवढं हलवलं, म्हणजे औषधात दम आहे. त्याला पुरेल तरी."

तो थट्टा करत नव्हता. आधी आपण चाखायचं आणि मोठा वाटा स्यावला द्यायचा, होडीत जसं करायचा तसंच.

"आणि हुडहुडीपण दुप्पट भरली तर? लुंगना सोसेल?"

"तो रेडा आहे."

"रेडा होते. आता पँट दोरीने बांधतात, ईपो. बघितलंस ना?"

तो छताकडे बघत म्हणाला, "तुला स्याव नाही. तुला नाही कळायचं. ईमेला विचार."

ईमेला विचारलं. तिला आधीपासून माहीत होतं. शनिवारी त्याच्या चादरी तीच धूत होती, कोण धुणार? ती म्हणाली, "त्याचं ते औषध बंद नको होऊ देऊ. चान्ताचं चान्ताचा देव बघेल. मला माझा माणूस पाहिजे." आणि मग, "एकदा तरी तोंड मिटून ठेव, खाओपुन. एकदाच."

तो आठवडा मी तोंड मिटून ठेवलं. भोंग्यावरही गेले नाही, घसा बसलाय म्हणून सांगितलं. बसलाच होता.

गुरुवारी आमच्याबरोबर लुंग चान्ताही आले. तिसऱ्या पायरीसाठी त्यांचं रक्त घ्यायचं होतं. लग्नाकार्यात घालतात तो पांढरा शर्ट घातला होता, कॉलरमध्ये मान फिरत होती इतका सैल. बाहेरच्या बाकावर बसून म्हणाले, "खाओपुन, डॉक्टरबाईंना सांग हं, मी सुईला भितो. स्यावला जी टोचली तीच धुऊन मला टोचा म्हणावं, तिला त्याची चव लागलेली असेल."

"इ! लुंग!"

"हसली बघ. सकाळपासून तोंड सुकवून बसलीय पोरगी."

आत गेलो. डॉक्टर विपादांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला, नेहमीसारखा, ईपोला स्वतः खुर्ची ओढून दिली. मग विचारलं, ताप?

"नाही सांग," ईपो आमच्या बोलीत म्हणाला.

"थंडी वाजली? अंग थरथरलं?"

"नाही सांग."

दाराच्या काचेतून बाक दिसत होता. लुंग चान्ता शर्टाची बाही वर सारून बसले होते, तयारीत. दंडाचं हाड दिसत होतं.

"हो," मी म्हणाले.

"काय हो?"

"थंडी वाजते. दर शुक्रवारी. खूप ताप येतो. ओठ जांभळे होतात." एकदा सुरू झाले आणि मग थांबलेच नाही. खोपट, गादी, पंचा, चादरी. बँकॉकच्या बोलीत, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. माझा आवाज मला पहिल्यांदाच आवडला नाही.

तेव्हा ईपो बोलला. इतक्या गुरुवारांत पहिल्यांदा, सरळ डॉक्टरांशी, त्यांच्याच बोलीत, एकही चूक न करता. "डॉक्टर, मुलगी लहान आहे. घाबरते. थोडं जास्तच सांगते. मी बरा आहे."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जीभ दाखवता?"

ईपोने तोंड उघडलं नाही.

"काका. जीभ."

जिभेची एक कड काळीनिळी झाली होती, दातांचे वण उमटलेले. पंचा प्रत्येक वेळी वेळेवर सापडला नसणार.

डॉक्टरांनी त्या दिवशीची बाटली परत पाठवली. मग दुसऱ्या दोघांना फोन लावला, आमच्यासमोरच. एक होते चैयाफूमचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, थंडी थोडीशी वाजते, बोलण्यासारखं काही नाही. तिसऱ्या होत्या एक बाई, त्यांच्या मुलाने फोन घेतला. "आई म्हणते, डॉक्टर इतकं मनापासून करतात, त्यांना वाईट वाटेल. म्हणून नव्हतं सांगितलं." त्या बाई दोन वेळा बेशुद्ध पडल्या होत्या.

तिघंही. तिघांनीही नमस्कार करून, हसून, बरं आहे म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर विपादा फोन हातात धरून बसल्या. त्या आमच्या मुलखात वाढलेल्या असत्या तर त्यांना कळलं असतं, असं मला वाटून गेलं. पण मी तर इथेच वाढले होते, आणि बर्फाची बादली घेऊन गेले नसते तर मलाही कळलं नसतं.

त्या स्वतः बाहेर जाऊन लुंगशी बोलल्या. पुढची पायरी थांबली, कधी उघडेल सांगता येत नाही. लुंगनी बाही खाली सोडली, बटण लावलं आणि म्हणाले, "काही हरकत नाही, डॉक्टर, काही हरकत नाही." उलट तेच त्यांची समजूत घालत होते.

परतताना सामायिक पिकअपच्या मागच्या बाकांवर आम्ही तिघंच.

"झालं काय पण?" लुंगनी विचारलं.

"औषध संपलं," ईपो म्हणाला.

"संपलं नाही, लुंग," मी म्हणाले. "मी थांबवलं." आणि का ते सांगितलं. या वेळी ईपो मधे पडला नाही. तो मागे पळणाऱ्या रस्त्याकडे बघत होता.

लुंग चान्तांनी सगळं ऐकून घेतलं. मग ईपोच्या गुडघ्यावर जोरात चापट मारली. "तू हुडहुडत होतास आणि मला दुप्पट प्यायला पाठवत होतास?"

"हो."

"गाढवा."

"हो."

उतरताना लुंगनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला.

चाचणी थांबली. वरून परवानगी, नवी तपासणी, कमी डोस, सगळं पहिल्यापासून. तोवर लुंगच्या पोटात पाणी भरलं. नळीने काढायचे, पुन्हा भरायचं. डोळे हळदीसारखे झाले. नवी पायरी उघडली तेव्हा डॉक्टरांचा फोन आला, आणि लुंगची मुलगी म्हणाली, आता ते उठून बसत नाहीत. भात लावायच्या दिवसांत ते गेले. चितेपाशी ईपो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता, त्याच्याने उभं राहवत नव्हतं. लोक माझ्याकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. एक बाई शेजारणीला म्हणाली, "भोंगेवाली. हिनेच दार लावलं." मला ऐकू यावं एवढ्या आवाजात.

आणि ईपोची गाठ? त्या सगळ्या गुरुवारांत ती तांदळाच्या दाण्याएवढीही वाढली नव्हती. डॉक्टरांनी फोटो दाखवला, आधीचा आणि नंतरचा. त्याच्यापुरता राखणदार जागा झाला होता, किंवा निदान कूस बदलत होता. पण एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेत नाहीत, आणि त्याचं अंग त्या औषधाला असंच झिडकारणार होतं. नंतरच्या फोटोत गाठ वाढली होती.

दुप्पट औषधाने लुंग वाचले असते की पहिल्याच शुक्रवारी गेले असते? मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "कुणालाच माहीत नाही. पण तू बरोबर केलंस." बातम्यांच्या आवाजात म्हणाल्या. मी बरोबर केलं असं मलाही वाटतं. रात्री वाटतं, सकाळी वाटतं, ईमे माझ्याकडे न बघता ताट सरकवते तेव्हा मात्र तेवढं नाही वाटत.

ईपोने माझ्याशी बोलणं सोडलं. रागाने नाही, राग असता तर मी भांडले असते, मला येतं भांडायला. तो फक्त मला हाक मारत नव्हता. पाणी हवं असलं की ईमेला सांगायचा, मी शेजारी बसलेली असले तरी.

मग एक दिवस डॉक्टर विपादांचा फोन आला. कमी डोसची नवी पायरी सुरू झाली होती, कालासिनच्या एक आजी होत्या, शहरी बोलीत बोलायला लाजायच्या, मुलगा कोरियात, सोलला कामाला. हॉस्पिटलात दुभाष्या आहे, पण त्या त्याला सगळं बरंच आहे म्हणतात. तू येशील का?

"नाही जायचं," ईमे म्हणाली. "एवढं झालं ते पुरे नाही का?"

ईपो बाजेवर पडला होता, पाय सुजलेले, अंग वाळलेलं. डोळे मिटूनच म्हणाला, "खाओपुन."

मी उठून उभीच राहिले.

"विचारताना तिच्या तोंडाकडे बघू नकोस. तोंड हसतंच. मी तिथे बसून खोटं बोलायचो तेव्हा चपलेत पायाची बोटं आवळून धरायचो. कुणी खाली बघितलं नाही." थोडा दम खाऊन म्हणाला, "आणि घाई करू नकोस. तू फार भरभर बोलतेस."

शनिवारची बस पकडून गेले. आजी छोट्याशा होत्या, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मला बघून इतक्या खूश झाल्या की पिशवीतून भाजलेलं केळं काढून हातात दिलं. शाळा विचारली, आईबाप विचारले. ईपोला काय झालंय ते मी सांगितलं. त्यांनी च् च् केलं.

मी हळू, आमच्या बोलीत, विचारलं, "आजी, घरी गेल्यावर थंडी वाजली का?"

"नाही गं बाई," त्या हसून म्हणाल्या. "बरी आहे मी. सांग त्यांना, अगदी बरी आहे."

मी खाली बघितलं. रबरी चपलेच्या पट्ट्यात त्यांची बोटं घट्ट वळली होती, नखं पांढरी पडेपर्यंत.

मी माझी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली, केळं सोलून अर्धं त्यांना दिलं, आणि पुन्हा विचारलं.